‘तुम्ही समजूतदार आहात’ असे मध्यस्थ म्हणतो तेव्हा

प्रश्न : नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाच्या वरिष्ठ निरीक्षक असलेल्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांनी ‘होल्ड’वर ठेवलेला, म्हणजे तपासणीत अडवून धरलेला माल उत्पादन विभागाच्या पर्यवेक्षकांनी रात्रपाळीत दोनदा त्यांच्या सहीशिवाय पुढे पाठवला. दुसऱ्या वेळी त्यांनी थेट कारखानाप्रमुखांना ईमेल केला. त्यानंतर पर्यवेक्षकांनी भर शॉपफ्लोअरवर, ऑपरेटरांच्या देखत, ‘मॅडमना माल अडवण्यापलीकडे काही काम नाही’ असे सुनावले. वाद मिटवण्याची जबाबदारी एचआर व्यवस्थापकांकडे आली. त्यांनी पर्यवेक्षकांशी केबिनमध्ये तासभर एकांतात चर्चा केली. वाचक भगिनींना दहा मिनिटे दिली आणि त्यात ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ आणि ‘तुम्ही समजूतदार आहात, तुम्हीच मोठ्या मनाने घ्या’ असे सांगितले. एकत्र बैठकीत चूक कोणाची यावर ते अवाक्षर बोलले नाहीत आणि शेवटी एक छापील कागद सहीसाठी पुढे केला. भगिनींनी सही केली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे. त्या विचारतात : हे मध्यस्थ पक्षपाती आहेत का, बैठकीला जावे का, सही करावी का, की सरळ दुसऱ्या युनिटमध्ये बदली मागून मोकळे व्हावे?

उत्तर : तुमच्या पत्रात मूळ वादाविषयी चार ओळी आहेत आणि मध्यस्थाविषयी दोन पाने. हे स्वाभाविक आहे. ज्यांच्याशी वाद आहे त्यांच्याकडून आपण फारशी अपेक्षा ठेवलेली नसते. अपेक्षा असते ती मधे बसलेल्या माणसाकडून, आणि म्हणून तो कमी पडला की अधिक लागते. पण त्या दोन पानांतल्या सगळ्या तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत. काही बाबतींत एचआर व्यवस्थापक मध्यस्थाने वागावे तसेच वागले आहेत आणि तुम्हाला ते खटकले, कारण तुम्ही त्यांच्याकडे न्यायाधीश म्हणून पाहत होता. काही बाबतींत मात्र ते खरोखर चुकले आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक तुम्ही ओझरती सांगून पुढे गेला आहात. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी तुमची मुख्य तक्रार पाहू : चूक कोणाची हे त्यांनी सांगितले नाही. ते सांगणे त्यांचे कामच नव्हते. मध्यस्थीविषयीच्या 2023 च्या केंद्रीय कायद्याने व्याख्या करतानाच हे स्पष्ट केले आहे की मध्यस्थाला पक्षकारांवर तोडगा लादण्याचा अधिकार नसतो. इतकेच नव्हे, तर मी केवळ निर्णयापर्यंत पोहोचायला मदत करीन, तोडगा लादणार नाही आणि तो निघेलच अशी हमीही देणार नाही, हे त्याने पक्षकारांना स्वतःहून सांगायचे असते. कारखान्याच्या केबिनमधल्या बैठकीला हा कायदा जसाच्या तसा लागू होतो असे समजू नका. पण मध्यस्थाने कसे वागावे याची मोजपट्टी म्हणून तो उपयोगी आहे. त्याहून कितीतरी जुन्या, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्याला माणसांना हजर राहायला लावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार होता, न्याय्य आणि सलोख्याचा समझोता व्हावा म्हणून योग्य वाटेल ते सर्व करण्याची मुभा होती. निकाल देण्याचा अधिकार तेवढा नव्हता. समझोता झाला नाही, तर त्याने साधारणतः 14 दिवसांच्या आत तसा अहवाल सरकारकडे पाठवायचा आणि बाजूला व्हायचे, अशी ती रचना होती.

यामागचे कारण व्यावहारिक आहे. मध्यस्थाने एकदा ‘चूक तुमची’ असे म्हटले की तो माणूस त्याच्याशी बोलायचे थांबतो, स्वतःचा बचाव करू लागतो, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच मशीनसमोर तुम्हा दोघांनाच उभे राहायचे असते. शिवाय असा विचार करून पाहा : त्यांनी तुम्हाला एकांतात ‘मॅडम, चूक तुमची नाहीच’ असे म्हटले असते तर तुम्हाला बरे वाटले असते, पण शेजारच्या केबिनमध्ये त्यांनी पर्यवेक्षकांनाही तेच म्हटले नसेल कशावरून? दोन्ही डगरींवर हात ठेवणारे मध्यस्थ नेमके असेच वागतात आणि काही दिवस फार लोकप्रियही असतात. तुमचे मध्यस्थ निदान त्या वाटेला गेले नाहीत.

मात्र माणसांविषयी तटस्थ राहणे ही एक गोष्ट आणि घडलेल्या गोष्टींविषयी तटस्थ राहणे ही दुसरी. माल हलवला गेला की नाही, रजिस्टरमध्ये सही कोणाची आहे, होल्ड टॅग कोणी काढला, हे प्रश्न मताचे नाहीत. चांगला मध्यस्थ निकाल देत नाही, पण निर्विवाद गोष्टी कोणत्या आणि वादग्रस्त कोणत्या हे दोघांच्या समोर वेगळे करून घेतो. त्याशिवाय चर्चा नुसत्या दुखावल्या गेलेल्या मनांभोवती फिरत राहते. तुमच्या व्यवस्थापकांनी हे केले नाही. उलट टाळीची म्हण ऐकवून त्यांनी दोघांचीही चूक आहे असे काहीही न विचारता ठरवून टाकले. म्हणजे निवाडा झालाच. फक्त तो अर्धा-अर्धा वाटला गेला, इतकेच.

तासभर आणि दहा मिनिटे या हिशेबाला मी तुमच्याइतके महत्त्व देणार नाही. पक्षकारांना वेगवेगळे भेटणे ही मध्यस्थाची नेहमीची पद्धत आहे, आणि त्यात कट शोधू नये. समोरासमोर माणसे एकमेकांना उद्देशून बोलतात, जुने हिशेब काढतात. एकांतात ती आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगतात. संतापलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास तर बहुतेक वेळा वाफ जाण्यातच निघतो. शिवाय ‘रजिस्टरमध्ये मॅडमची सही नाही, उद्या वरून विचारणा झाली तर तुम्ही काय सांगणार?’ यासारखे अवघड प्रश्न जाणता मध्यस्थ चारचौघांत विचारत नाही, केबिनचे दार लावूनच विचारतो. त्या तासाभरात पर्यवेक्षकांचे कौतुक झाले की कानउघाडणी, हे तुम्हाला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. मला खटकते ते वेगळे. तुमच्या वाट्याला आलेल्या दहा मिनिटांत त्यांनी तुम्हाला एकही प्रश्न विचारल्याचे तुमच्या पत्रातून दिसत नाही. ज्याला ऐकायचे आहे त्याला दहा मिनिटांतही चार प्रश्न विचारता येतात, आणि ज्याने आधीच ठरवले आहे तो तासभरही उपदेशच करतो. पुढच्या वेळी एकांतात बोलणे झालेच तर उठण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या : ‘सर, यातले तुम्ही तिकडे काय सांगणार आहात आणि काय सांगणार नाही?’ एका पक्षाचे म्हणणे दुसऱ्याला त्याच्या संमतीपुरतेच पोहोचवायचे, ही मध्यस्थीतली मूलभूत शिस्त आहे आणि 2023 च्या कायद्यातही ती आहे. या प्रश्नाचे उत्तर जर मोघम आले तर त्यांना सांगितलेली प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोहोचणार, असे धरूनच बोला.

आता ‘तुम्ही समजूतदार आहात’ या वाक्याकडे वळू. ही स्तुती वाटते, पण मध्यस्थाच्या तोंडी तिचा अर्थ बहुधा ‘दुसरे ऐकणार नाहीत, तेव्हा तुम्हीच ऐका’ असा असतो. यामागे दुष्टपणा असतोच असे नाही. मध्यस्थाला वाद मिटवायचा असतो, वाद मिटायला कोणीतरी जागचे हलावे लागते, आणि जो हलण्यासारखा दिसतो त्याच्यावरच जोर लावला जातो. जो टेबलावर हात आपटतो त्याचे ऐकून घेतले जाते. जो शांत बसतो त्याला ऐकवले जाते. कामाच्या ठिकाणी हा जोर कोणावर पडतो हे पाहिले तर त्यात स्त्रिया, नव्याने लागलेले, कंत्राटावरचे आणि ज्यांना नोकरीची गरज अधिक आहे असे लोक पुन्हा पुन्हा दिसतात. यावर तुम्हीही आवाज चढवावा असे मी सुचवणार नाही. तो तुमचा स्वभाव नाही आणि त्याने तुमचीच बाजू लंगडी होईल. समजूतदारपणाला किंमत लावा. ‘मी समजून घ्यायला तयार आहे’ असे न म्हणता ‘पुढची तक्रार मी आधी त्यांना फोन करून आणि मगच वर कळवीन, पण त्यासाठी मला या दोन गोष्टी हव्या आहेत’ असे म्हणा. मग मध्यस्थाला दुसऱ्या बाजूकडे काहीतरी मागायला जावेच लागते.

त्यांनी पुढे केलेला कागद तुम्ही जसाच्या तसा उतरवून पाठवला, हे फार चांगले केले. ‘आम्हा उभयतांमध्ये निर्माण झालेला गैरसमज चर्चेअंती दूर झाला असून याबाबत आमची कोणतीही तक्रार शिल्लक राहिलेली नाही.’ या वाक्यात तारीख नाही, मालाचा उल्लेख नाही, यापुढे कोणी काय करायचे याचा शब्दही नाही. ‘गैरसमज’ हा शब्द घातला की तुमची तक्रार, म्हणजे माल सहीशिवाय गेला ही घटना, नाहीशी होते आणि दोन माणसांच्या मनातली गडबड तेवढी उरते. सहा महिन्यांनी त्याच मालाविषयी ग्राहकाकडून तक्रार आली आणि तुम्ही तुमचा ईमेल पुढे केला, तर तुमच्यापुढे हाच कागद ठेवला जाईल. तुम्ही सही केली नाही हे योग्यच केले.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. मध्यस्थ पक्षपाती आहे की नाही हे त्याच्या गोड किंवा कडू बोलण्यावरून ठरवायला जाऊ नका. तुम्ही नाही म्हटल्यावर त्याने त्या नकाराचे काय केले ते पाहा. काही मध्यस्थ नकार आला की घाई करतात, ‘साहेबांना काय सांगू?’ असे विचारतात, अप्रेझलची आठवण करून देतात. काही जण नकारामागचे कारण विचारतात आणि मसुदा बदलतात. तुमच्या व्यवस्थापकांनी कारण विचारले नाही, पण धमकावलेही नाही. कागद परत घेतला आणि दुसरी तारीख दिली. एवढ्यावरून मी त्यांना मोडीत काढणार नाही. त्यांना घाई आहे, हे काम त्यांना फारसे जमत नाही आणि वाद मिटल्याचा कागद त्यांना फाइलला लावायचा आहे, असे माझे मत झाले आहे. पक्षपात याहून वेगळा असतो. दुसऱ्या बैठकीत तो दिसला तर मला पुन्हा लिहा.

मात्र एक गोष्ट त्यांनी बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायला हवी होती. तुम्ही ज्यांच्याकडे तक्रार केली त्या कारखानाप्रमुखांनाच ते स्वतः जबाबदार आहेत, आणि दर महिन्याच्या डिस्पॅचचा आकडा हा त्या प्रमुखांचा प्रश्न आहे. नोकरीतला मध्यस्थ पूर्णपणे बाहेरचा असू शकत नाही, हे मान्य. पण आपल्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येऊ शकेल अशी परिस्थिती असेल तर ती मध्यस्थाने आधी लेखी उघड करावी, असे कायदा सांगतो तो याचसाठी. तुमच्या कारखान्यात असे लेखी निवेदन कोणी देणार नाही. तुम्ही मात्र साधा प्रश्न विचारू शकता : ‘सर, या बैठकीचा अहवाल कोणाकडे जाईल आणि त्यात काय लिहिले जाईल?’ हा प्रश्न उद्धट नाही, आणि त्याच्या उत्तरावरून तुम्हाला किती मोकळेपणाने बोलायचे ते ठरवता येईल.

आता ती सर्वांत मोठी चूक. त्यांनी मध्यस्थीला घेतले त्यात दोन वाद एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांतला एक मध्यस्थीचा नाहीच. पर्यवेक्षक तुम्हाला चारचौघांत काय बोलले, तुम्ही त्यांना डावलून ईमेल का केला, रात्रपाळीत एकमेकांशी संपर्क कसा ठेवायचा, या गोष्टी दोघांनी बसून मिटवण्याच्या आहेत. होल्डवरचा माल सहीशिवाय गेला, ही तशी गोष्ट नाही. तुमचा कारखाना वाहन कंपन्यांना माल पुरवतो, म्हणजे बहुधा त्याच्याकडे आयएटीएफ 16949 या, वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र असेल. त्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या व्यक्तींना, दोष दुरुस्त करण्यासाठी, माल पाठवणे आणि उत्पादन करणेही थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. मंजूर मापापेक्षा वेगळा निघालेला माल पुढे न्यायचा असेल तर त्याआधी ग्राहकाची परवानगी लागते. म्हणजे तुम्ही माल अडवला तेव्हा तुमचे वैयक्तिक मत लढवत नव्हता. कंपनीने तुम्हाला दिलेला अधिकार वापरत होता. तो अधिकार तुमच्या मालकीचा नसल्यामुळे तुम्ही तो मोठ्या मनाने सोडूनही देऊ शकत नाही. तिथे आतली चौकशी, कारणांचा शोध आणि सुधारणेची कारवाई लागते, आणि ते काम गुणवत्ताप्रमुख आणि कारखानाप्रमुखांचे आहे.

हे वेगळे केले की पर्यवेक्षकांकडे पाहण्याची तुमची दृष्टीही कदाचित थोडी बदलेल. तुम्ही पत्रात त्यांना मुद्दाम त्रास देणारा माणूस म्हणून रंगवले आहे, तसे असेलही. पण रात्रपाळीत गुणवत्ता विभागाचे सही करू शकणारे कोणी हजर असते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. गेटवर गाडी उभी आहे, ग्राहकाच्या लाइनवरून दर पंधरा मिनिटांनी फोन येत आहेत, आणि सही करणारी व्यक्ती सकाळी सातला येणार आहे, अशा वेळी पर्यवेक्षकाने जे केले ते चुकीचेच. पण त्या चुकीची सोय कोणीतरी वरच्याने करून ठेवलेली असते. माल सोडायचे त्यांना तोंडी कोणी सांगितले होते का, हेही कोणी विचारलेले दिसत नाही. असे असेल तर दोन खुर्च्यांच्या मधली पोकळी भरून काढण्याऐवजी त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनाच समजूतदारपणा शिकवला जात आहे. तुमच्या ईमेलबद्दलही एक विचारतो, दोष म्हणून नव्हे : पहिल्या वेळी तुम्ही त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलला होता का? दुसऱ्या वेळी वर कळवणे योग्यच होते. पण त्यांचा राग मालाबद्दल कमी आणि त्या ईमेलबद्दल अधिक असावा, आणि बैठकीत जायचे तर हे माहीत असलेले बरे.

समोरच्याचा मान आणि मूळ प्रश्न वेगळे ठेवता येतात, याचे आपल्याकडचे सर्वांत सुंदर उदाहरण 1918 च्या अहमदाबादच्या गिरणी संपाचे आहे. 35 टक्के वाढ मिळाल्याशिवाय कामावर जाणार नाही अशी कामगारांची शपथ होती आणि मालक 20 टक्क्यांच्या पुढे सरकत नव्हते. गांधीजी त्यात मध्यस्थ नव्हते, ते उघडपणे कामगारांच्या बाजूचे होते. गंमत म्हणजे मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई यांची बहीण अनसूयाबेनही कामगारांच्याच बाजूने उभी होती, आणि कोण कुठे उभे आहे हे सर्वांना ठाऊक होते. शेवटी असे ठरले, की कामावर परतल्यानंतर पहिल्या दिवशी 35 टक्के, दुसऱ्या दिवशी 20 टक्के आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के वाढ द्यायची. पहिल्या दिवसाने कामगारांची शपथ राहिली, दुसऱ्या दिवसाने मालकांचा शब्द राहिला. वाढ किती द्यायची हा खरा प्रश्न मात्र तडजोडीत संपवला नाही. तो दोघांना मान्य असलेले लवाद, प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांच्याकडे निर्णयासाठी गेला आणि त्यांनी पुढे 35 टक्क्यांचाच निकाल दिला. तुमच्या प्रकरणात नेमके याच्या उलट होत आहे : मूळ प्रश्न तडजोडीत बुडवला जात आहे आणि मान मात्र दोघांचाही राहिलेला नाही.

तेव्हा बैठकीला जा. जाण्यापूर्वी एक पानभर टिपण लिहा : तारीख, पाळी, लॉट क्रमांक, टॅग केव्हा लावला, माल गेल्याचे केव्हा कळले, शॉपफ्लोअरवर कोण कोण हजर होते आणि कोणते शब्द वापरले गेले. त्यात विशेषणे घालू नका. ‘उर्मटपणे’ लिहिण्यापेक्षा बोललेले वाक्य लिहा. बैठकीच्या सुरुवातीलाच एचआर व्यवस्थापकांना सांगा : ‘सर, मालाचा विषय गुणवत्ताप्रमुखांकडे स्वतंत्रपणे जावा आणि आज आपण दोघांच्या वागण्याबद्दल आणि कामाच्या पद्धतीबद्दल बोलावे, अशी माझी विनंती आहे.’ ते बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतील, कारण होल्डच्या मालाचे ओझे त्यांनाही पेलत नसणार. त्यांनी ते मान्य केले नाही, तर हीच विनंती त्याच दिवशी त्यांना ईमेलने पाठवा आणि प्रत गुणवत्ताप्रमुखांना द्या. कारखानाप्रमुखांना या वेळी लगेच प्रत पाठवू नका.

अपमानाबद्दल तुम्हाला दिलगिरी हवी आहे हे पत्रातून स्पष्ट दिसते. केबिनमध्ये पुटपुटलेल्या ‘सॉरी’वर समाधान मानू नका, चारचौघांत बोललेल्याची भरपाई बंद दाराआड होत नाही. पण सर्वांसमोर माफी मागायलाही लावू नका, कारण तो माणूस ती मागणार नाही, आणि मागितलीच तर वर्षभर त्याचा वचपा काढील. त्याऐवजी अशी मागणी करून पाहा की सकाळच्या पाळीच्या उभ्या बैठकीत पर्यवेक्षकांनी स्वतः ऑपरेटरांना सांगावे, की होल्ड टॅग लागलेला माल क्वालिटीच्या सहीशिवाय कोणी हलवायचा नाही. ते बोलताना त्यांचा अधिकार शाबूत राहतो, तुमचा परत मिळतो, आणि ऐकणाऱ्या ऑपरेटरांना जे समजायचे ते समजते.

लेखी काही व्हायचे असेल तर मसुदा तुम्हीच घेऊन जा. त्यात होल्डचा नियम लिहू नका. तो नियम आधीच आहे, आणि दोघांच्या करारात घातला की तो दोघांच्या मर्जीचा होऊन बसतो. एवढे पुरे : ‘रात्रपाळीत तातडीची गरज भासल्यास पर्यवेक्षक गुणवत्ता विभागाच्या त्या दिवशीच्या जबाबदार व्यक्तीला फोन करतील आणि मिळालेले उत्तर वेळेसह रजिस्टरमध्ये नोंदवतील. एकमेकांच्या कामाविषयीची तक्रार प्रथम एकमेकांना आणि त्यानंतरच वरिष्ठांना कळवली जाईल; ती शॉपफ्लोअरवर बोलली जाणार नाही. होल्डवरील मालाच्या चौकशीवर या नोंदीचा परिणाम होणार नाही. एका महिन्याने या व्यवस्थेचा आढावा घेतला जाईल.’ तिसरे वाक्य काढून टाकण्याचा आग्रह झाला तर सही करू नका आणि कागद वाचायला घरी नेते असे सांगा. हे कोणत्याही सहीच्या बाबतीत सांगता येते, आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

बैठकीत पुन्हा सगळा जोर तुमच्यावरच आला, तर मध्यस्थ बदलण्याची विनंती करा. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ असे म्हणू नका, त्याने ते स्वतःच एक पक्षकार होतील. ‘या विषयात तुमच्यावर दोन्हीकडून दबाव येतो आहे, तेव्हा आम्हा दोघांनाही चालेल असे दोन्ही विभागांबाहेरचे कोणी बसले तर बरे होईल’ असे म्हणा. टूलरूमचे किंवा मेन्टेनन्सचे एखादे जुने, दोघांशीही बरे असलेले वरिष्ठ अनेकदा हे काम एचआरपेक्षा चांगले करतात.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, शेरे, स्पर्श, संदेश असे काही असेल, तर ‘बसून मिटवू’ म्हणणाऱ्या कोणाही मध्यस्थाकडे जाऊ नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे ते काम अंतर्गत समितीचे आहे. तिथेही समेट होऊ शकतो तो केवळ तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन मिटवणे हा त्याचा आधार असू शकत नाही. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून मध्यस्थीच्या घोळात ती मुदत घालवू नये. दुसरे, 20 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वैयक्तिक तक्रारींसाठी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. पर्यवेक्षकीय पदावर ठरावीक वेतनाच्या वर असणाऱ्यांना कायद्याच्या व्याख्येत कामगार मानले जात नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा मार्ग खुला आहे की नाही हे तुमच्या नेमणूकपत्रावर आणि प्रत्यक्ष कामावर अवलंबून राहील. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. विचारल्याने काही तक्रार दाखल होत नाही.

आणि ज्यांच्यावर अचानक मधे बसायची वेळ येते त्या मुख्याध्यापकांना, शाखाप्रमुखांना, एचआरमधल्या मंडळींना एक विनंती. सहीचा कागद बैठकीच्या आधी छापून ठेवू नका. तो टेबलावर दिसला की समोरच्या माणसाला कळते, की आपण काय बोलतो याला आता फारसा अर्थ नाही.

राहिला बदलीचा प्रश्न. दुसऱ्या युनिटमध्ये जावेसे वाटणे यात काही कमीपणा नाही, आणि तुमची मुले लहान असल्याने ते युनिट घराजवळ आहे हेही तुम्ही लिहिले आहे. पण अर्ज या बैठकीच्या आधी देऊ नका. आत्ता दिलेला अर्ज मध्यस्थाला हवाहवासा वाटेल, कारण त्याने वाद न सोडवताच संपतो, आणि कागदोपत्री तुमची तक्रार ही बदलीसाठी केलेली तक्रार ठरते. मालाची चौकशी सुरू झाल्याचे लेखी उत्तर हातात येऊ द्या, महिन्याभराचा आढावा होऊ द्या, आणि तेव्हाही जावेसे वाटले तर घर जवळ असल्याचे खरे कारण लिहून अर्ज करा.